आमच्या घरात अणु म्हणजे काय ते अजून ठरलेलं नाहीये

गेल्या मंगळवारी माझ्या मुलीच्या, मनूच्या दप्तरातून एक कागद निघाला, चुरगळलेला, एका कोपऱ्याला शेवेचं तेल लागलेला (इंदूरमध्ये तेलाचा डाग नसलेला कागद कुणाच्या घरी असेल तर मला दाखवा). वर लिहिलेलं सायन्स क्विझ, पाचवी, आणि खाली चाळीस शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हिंदी. स्पर्धा शनिवारी. प्रत्येक शब्दाचा अर्थ एका वाक्यात सांगता आला पाहिजे असं टीचरने सांगितलंय म्हणे. चार दिवस, चाळीस शब्द, आणि हे बाईसाहेबांनी मला सांगितलं रात्री पावणेदहाला, जेव्हा मी ओटा पुसून राहिले होते.

आता आमच्या घराचं थोडं सांगावं लागेल नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मी इथलीच, रामबागेत वाढलेली, घरी मराठी पण शाळा पूर्ण हिंदी मीडियम, त्यामुळे मला सायन्स जे काही येतं ते हिंदीत येतं. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) साताऱ्याच्या, लग्नाआधी तिकडे मराठी शाळेत शिकवायच्या, त्यांचं सगळं विज्ञान मराठीत. मनू इंग्लिश मीडियम. म्हणजे एका टेबलावर तीन भाषांतलं सायन्स, आणि चौथे आमचे वकीलसाहेब, ज्यांना सायन्समध्ये काठावर पास व्हायची सवय होती आणि त्याचा त्यांना अजून अभिमान आहे.

पहिला शब्द सॉलिड, हिंदीत ठोस. मनूने लगेच विचारलं, "ठोस म्हणजे ठोसा मारतात तसं?" मी म्हटलं हो तसंच समज, लागतो तो ठोस. आई आतून जपमाळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "स्थायू म्हण गं. जागच्या जागी राहतो तो स्थायू, वाहतो तो द्रव, आणि तिसरा वायू." मला हा स्थायू शब्द इतका आवडला, कारण त्यात अर्थ आत भरूनच दिलाय, पाठ काय करायचं त्यात. पण मनू सुखाने ऐकणाऱ्यातली नाही, ती म्हणाली की आजी, वारा पण वाहतोच ना, तूच म्हणतेस वारा वाहून राहिला नाही म्हणून, मग द्रव आणि वायूत फरक काय. आईंनी एक मिनिट विचार केला आणि म्हणाल्या, तांब्यातलं पाणी तांब्याएवढंच राहतं, बादलीत ओतलं म्हणून बादलीभर होत नाही. आणि हिंगाची फोडणी मी ओट्यापाशी दिली तरी तुझ्या बापाला हॉलमध्ये कळतं ना. वायूला जेवढी जागा द्याल तेवढी सगळी व्यापतो तो.

मग साखरेचा प्रश्न आला, जो मला वाटतं पुस्तकात असायला पाहिजे आणि नसतो. साखर डब्याचा आकार घेते, वाटीत वाटीचा, मग ती द्रव का नाही? खरं सांगते, मला पटकन उत्तर आलं नाही. शेवटी ताटलीत चमचाभर साखर ओतली आणि शेजारी चमचाभर पाणी. पाणी पसरून सपाट झालं, साखरेचा ढीग झाला. आणि एक दाणा उचलून बघितला तर तो डब्यात होता तसाच, कोपरे सकट. डब्याचा आकार घेतला तो गर्दीने, दाण्याने नाही. मनूने हे लक्षात ठेवलं आणि साखर खाऊन टाकली.

बुधवारी सकाळी घरी पोहे करायचा कंटाळा आला म्हणून कोपऱ्यावरून आणायला गेलो दोघी. बाहेरच्यांना सांगते, इंदुरात पोहेवाल्याकडे खाली पाणी खदखदत असतं आणि वर पोहे, दिवसभर ते वाफेवरच गरम राहतात, म्हणून ते इतके मऊ. गाडीवर पांढरा ढग उठलेला. मी म्हटलं बघ मनू, ही भाप, तुझ्या यादीतला वाष्प, आणि लगेच आठवलं की मी चूक सांगतेय. वाफ दिसत नाही. खरी वाफ म्हणजे वायू झालेलं पाणी, ती हवेसारखीच दिसत नाही, आपल्याला पांढरं जे दिसतं ते वाफ गार होऊन परत झालेले बारीक बारीक थेंब. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तेव्हा लांबून दाखवलं (लांबूनच हां), शिट्टीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरं त्याच्या वरून सुरू होतं. ती रिकामी जागा म्हणजे वाफ. तिला इतकं भारी वाटलं की आता घरात कुकर लागला की ती धावत येते आणि मला टेन्शन.

हिंदीत ह्याला वाष्पीकरण म्हणतात, आईंच्या मराठीत बाष्पीभवन, आणि वाफ, भाप, बाष्प हे सगळे एकाच घरातले. आई म्हणाल्या संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रू सुद्धा, गळा भरून येतो तो बाष्पानेच. मग मी जरा जास्तच समजवायला लागले की बाष्पीभवन आणि उकळणं वेगळं, बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला नुसतं वरच्या वर होत राहतं, उकळताना आतूनसुद्धा बुडबुडे निघतात, तर वकीलसाहेब पेपरातून म्हणाले, "तोंडाची वाफ दवडू नका, मला डबा द्या."

बाष्पीभवनाचं उदाहरण सगळे ओल्या कपड्यांचं देतात, ते ठीक आहे, पण आमच्याकडे एप्रिल आहे, गच्चीवर आईंच्या कुरडया आहेत, खिडकीत कूलर आहे आणि स्वयंपाकघरात माठ आहे, ह्याहून चांगली लॅब कुठे मिळणार. पाणी उडताना आजूबाजूची उष्णता घेऊन उडतं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं, म्हणून माठ गार. कूलरमध्ये ओल्या खसातून हवा येते, तिथेही तेच. मनूने विचारलं मग पावसाळ्यात कूलर का नुसता चिकचिक करतो? कारण जुलैमध्ये हवेतच आधी इतकं बाष्प असतं की आणखी पाणी उडायला हवा तयारच नसते. पंखा फिरतो, पाणी फिरतं, गारवा नाही. आमच्या शेजारच्या भाभी दर जुलैला कूलरवाल्याशी भांडतात की खस खराब दिलं, त्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

आणि ह्याच्या उलटं संघनन, कंडेन्सेशन. लस्सीचा स्टीलचा ग्लास बाहेरून ओला होतो ते. मनूला लहानपणापासून वाटायचं ग्लास गळतोय. मी विचारलं, गळत असेल तर बाहेर लस्सी यायला पाहिजे ना, पांढरी, गोड? तिने बोट लावून चाटलं. नुसतं पाणी. ते हवेतलं.

एक तक्रार इथेच करून घेते. यादीत लिहिलं होतं क्वथनांक म्हणजे १०० डिग्री, पाणी उकळतं. आई त्याला उत्कलनांक म्हणतात. पण १०० हे समुद्रसपाटीचं आहे, इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर बसलेलं, इथे पाणी ९८च्या आसपासच उकळायला लागतं. वर हवेचा दाब कमी ना. फार मोठा फरक नाही, चहा तसाच होतो, पण पाचवीतल्या पोराला सांगायला काय मस्त गोष्ट आहे की तुझ्या गावाचं पाणी मुंबईच्या पाण्याच्या आधी उकळतं!

बुधवारी संध्याकाळी आणखी एक झालं. सकाळच्या पोह्यांची हळद मनूच्या पांढऱ्या शर्टावर, खिशाजवळ, रुपयाएवढा डाग. मी कपड्याची साबणवडी घासली आणि डाग एकदम लाल. मनू किंचाळली, रक्त! रक्त कसलं, हळदीवर साबण म्हणजे क्षार (हिंदीतला क्षार, म्हणजे अल्कली) लागला की ती लाल होते. वरून लिंबू पिळलं, परत पिवळी. तीन वेळा करून घेतलं तिने, साबण, लिंबू, साबण, लिंबू, शर्ट बाजूलाच राहिला. आई म्हणाल्या कुंकू असंच तर करायचे, हळदीला चुना लावून, तुम्हाला काय वाटलं लाल रंग कुठून येतो. मी पंधरा वर्षं रोज कुंकू लावतेय आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, शाळेत हळदीचा प्रयोग केला होता तरीसुद्धा. प्रयोग एका कप्प्यात, कुंकू दुसऱ्या.

पण ह्यातच पहिली ठिणगी पडली. यादीत इंडिकेटर म्हणजे सूचक. आई म्हणाल्या, दर्शक. मी म्हटलं आई, दर्शक म्हणजे टीव्ही बघणारे. त्या म्हणाल्या ते प्रेक्षक. म्हणजे हिंदीत जो दर्शक टीव्ही बघतो तो मराठीत रंग बदलतो.

तेवढ्यात सेलचा नंबर आला. हिंदीत कोशिका. आई म्हणाल्या पेशी, आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं. मनूने बाबांकडे बघितलं. बाबांची रोज कुठे ना कुठे पेशी (म्हणजे सुनावणी) असते, आज हायकोर्टात पेशी, उद्या जिल्हा कोर्टात पेशी, तारीख पडली की घरी येऊन चिडचिड. ती म्हणाली, "शरीरात कोर्ट असतं?" बाबा म्हणाले हो, आणि प्रत्येक पेशीला पुढची तारीख मिळते. माणसाच्या शरीरात तीसएक लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे, हे ऐकून त्यांनी हात जोडले, म्हणाले एवढी पेंडेन्सी तर आमच्याकडे पण नाही. सेल हा शब्द म्हणजे मुळात छोटी खोली, रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघितला, त्याला खोल्या खोल्या दिसल्या म्हणून. ह्यावर पण बाबांनी कोठडीचा जोक केला, तो इथे लिहीत नाही.

अजून पण घोळ आहेत. स्नायू म्हणजे मराठीत मसल, हिंदीत ज्याला मांसपेशी म्हणतात. आणि हिंदी पुस्तकात स्नायु म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट. मी हा शब्द गुपचूप यादीतून वगळला कारण साडेदहा वाजले होते.

खरं भांडण झालं गुरुवारी. यादीत सत्ताविसावा शब्द अॅटम, परमाणु. अठ्ठाविसावा मॉलिक्यूल, अणु. मी वाचून दाखवलं आणि आईंची जपमाळ थांबली. "चूक आहे. अॅटम म्हणजे अणू. मॉलिक्यूल म्हणजे रेणू. शाळेत कळवा." मी म्हटलं आई, मी स्वतः हेच शिकलेय, परमाणु लहान, परमाणु मिळून अणु बनतो. त्या म्हणाल्या अणू मिळून रेणू बनतो. मी म्हटलं अणु म्हणजे मॉलिक्यूल. त्या म्हणाल्या मी वर्गात शिकवलंय. मी म्हटलं मी परीक्षेत लिहिलंय. आवाज चढले नाहीत, आमच्याकडे आवाज चढत नाहीत, भांडी जोरात ठेवली जातात.

शेवटी मनू जाऊन समोरच्या काकांना घेऊन आली. काका कॅटमधून रिटायर झालेत. कॅट म्हणजे पूर्वीचं सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, आताचं राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४चं, जिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत, इलेक्ट्रॉन गोल गोल पळवून त्यांच्यापासून प्रखर प्रकाश काढतात आणि त्या प्रकाशात पदार्थाच्या आतली रचना तपासतात. रामन्नांचं नाव लागून पण आता इतकी वर्षं झाली, पण शहरात सगळे कॅटच म्हणतात, रस्ता पण कॅट रोड. तर काका आले, चहा घेतला, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि म्हणाले मुंबईत ट्रॉम्बेला जे आहे त्याला मराठी पेपर काय म्हणतो? भाभा अणुसंशोधन केंद्र. आणि हिंदी पेपर? भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. केंद्र एकच. मराठीवाल्यांनी अॅटमला अणू म्हटलं आणि मॉलिक्यूलसाठी रेणू घेतला, हिंदीवाल्यांनी अॅटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु. ही घरातली चूक नाही, वाटणी आहे.

मग ते जुन्या वैशेषिकांवर गेले, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाची एक जुनी शाखा, कणादांची परंपरा. त्यात परमाणु सगळ्यात बारीक, त्याचे आणखी तुकडे होत नाहीत. दोन परमाणूंचा द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्र्यणुक, आणि तो त्र्यणुक म्हणजे खिडकीतून उन्हाची तिरीप येते तेव्हा तिच्यात नाचताना दिसतो तो कण. दिसणाऱ्या गोष्टींत तो सगळ्यात लहान. आणि रेणू म्हणजे तर साधी धूळ. आई एकदम खूष, म्हणजे माझा रेणू जुना. मी म्हटलं परमाणु पण जुनाच. काका म्हणाले आजच्या सायन्सचे अॅटम त्या तिरिपेतल्या कणापेक्षा कितीतरी लहान, ते प्राचीन लोकांना माहीत होते वगैरे मी म्हणत नाही, फक्त शब्द तिथून उचललेत. हे मला आवडलं, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज एक जण सांगतो की आपल्याकडे सगळं आधीच होतं.

काकांनीच मग कणीक मागितली. एक मोठा गोळा, दोन छोटे, टूथपिकने जोडले, छोटे दोन एका रेषेत नाही तर जरा पुढे झुकवून, मिकी माऊसच्या कानांसारखे. मोठा ऑक्सिजन, दोन कान हायड्रोजन. हे झालं पाणी. तीन अॅटम, एक मॉलिक्यूल. असे किती असतात एका थेंबात, मनूने विचारलं. काकांनी हिशोब सांगितला की साडेतीन चमचे पाणी घेतलं, म्हणजे १८ ग्रॅम, तर त्यात ६ वर २३ शून्यं एवढे. मनूने वहीत ६ लिहून शून्यं काढायला घेतली, एकविसाव्या शून्याला ओळ संपली.

शुक्रवारी वजन. इथे शाळेचं चुकलंच होतं. यादीत भार समोर लिहिलेलं की वस्तूमध्ये किती पदार्थ आहे ते. ते तर द्रव्यमान झालं, मराठीत वस्तुमान. भार म्हणजे पृथ्वी आपल्याला किती जोरात खाली ओढते ते. मी क्लासच्या ग्रुपवर अगदी नम्रपणे लिहिलं, उत्तर आलं, मॅम क्विझ के लिए इतना डीप नहीं जाना है. बरं. पण घरात तर जाऊ शकतो. आमचा भाजीवाला अजून हाततराजू वापरतो, एका पारड्यात वजनं, एका पारड्यात भेंडी. आणि रद्दीवाल्याकडे स्प्रिंगचा काटा, हुकाला गठ्ठा अडकवायचा. दोघांना चंद्रावर पाठवलं तर? चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. भाजीवाल्याची भेंडी एक किलो तर एक किलोच भरेल, कारण पलीकडचं वजनही तेवढंच हलकं होतं. रद्दीवाल्याची स्प्रिंग मात्र सहा किलोच्या गठ्ठ्याला एक किलो दाखवेल. मनू २७ किलोची, स्प्रिंगवर साडेचार. कागद तेवढाच, मनू तेवढीच, नुसती ओढ कमी. वकीलसाहेबांनी निकाल दिला की चंद्रावर भाजी घ्यावी, रद्दी विकू नये.

शनिवारी मनूची टीम तिसरी आली. तिला संघनन विचारलं होतं. तिने लस्सीच्या ग्लासची सगळी गोष्ट सांगितली, बोट लावून चाटलं ते पण, आणि अर्धा मार्क मिळाला, कारण वाष्प का द्रव में बदलना हे वाक्य आलं नाही. मला राग आला, खोटं का बोलू. आईंना वेगळीच उत्सुकता. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "अणू विचारला का?" नाही विचारला. परमाणु पण नाही.

तो कागद आता फ्रीजवर आहे, आईंनी पेन्सिलने उजवीकडे तिसरा कॉलम काढून सगळे मराठी शब्द लिहिलेत, शिक्षिकेच्या अक्षरात, स्थायू, बाष्पीभवन, पेशी, दर्शक, द्रावण. अठ्ठाविसाव्या शब्दापुढे रेणू लिहिलाय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. मी त्याच्या शेजारी काही लिहिलं नाही. कणकेचं पाणी खिडकीत ठेवलं होतं वाळायला, काल बघितलं तर एक हायड्रोजन मुंग्यांनी नेला होता.